धुरी काकांची भिंत

धुरी काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका भिंतीला "श्वास घ्या, रोखून धरा" असं सांगत होते.

मी नवी नवरी, भोईवाड्यातल्या या चाळीत येऊन जेमतेम चार दिवस झालेले. सकाळी खालून पाण्याची कळशी घेऊन येत होते, तर जिन्याच्या वळणावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ भिंतीला नाक लागेल इतके जवळ उभे. हातात कॅमेरा. समोर ओल येऊन चुन्याचे पापुद्रे सुटलेली भिंत, बाकी काही नाही. ते पुटपुटले, "श्वास घ्या. रोखून धरा." खटका दाबला. "सोडा." मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "हलली नाही. चांगला पेशंट आहे." मी कळशी हिंदकळवत वर आले आणि सासूबाईंना सांगितलं, जिन्यात एक वेडा आहे. सासूबाई भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "वेडा कसला, शेजारचे धुरी ते. रोज दिसणार आहेत, सवय कर."

सवय केली. अठ्ठावीस वर्षं केली. आता त्यांच्या दाराला कुलूप आहे आणि ती सवय कुठे ठेवावी ते मला कळत नाही.

काका परळच्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायला होते. "श्वास घ्या, रोखून धरा" हे तिथलं. दिवसाला शंभरदा म्हणायचं, ते तोंडातच बसलेलं. खिळ्याचा, पत्र्याचा, पानाचा, कशाचाही फोटो काढायचा असला तरी आधी हे मंत्र म्हटल्यासारखं म्हणायचे. आणि फोटो असल्याच गोष्टींचे. माणसांचे नाहीत. बारशाला, मुंजीला कुणी विचारलं की हात जोडायचे. एकदा माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी जरा चिडूनच म्हटलं, "काका, एवढा भारी कॅमेरा, एक फोटो काढलात तर काय झिजेल का?" तर म्हणाले, "अगो, दिवसभर मी माणसं आतून बघतो. आत सगळे सारखे. शेटजी काय नि हमाल काय, बरगड्या चोवीसच. चेहरा फसवतो. चेहरा आला की लोक चेहराच बघतात, मग काही बघतच नाहीत."

मग ते काय बघायचे? दुधावरची साय. विळीच्या पाटावरचे घाव. वरळीला समुद्राच्या कठड्यावर वाळलेलं मीठ. शिवडीच्या खाडीत ओहोटीनंतर भेगाळलेला चिखल. भिजून कुजलेल्या पिंपळपानाची जाळी. इतक्या जवळून काढायचे की मूळ वस्तू हरवून जायची, उरायच्या नुसत्या रेघा, सावल्या आणि खड्डे. आम्हाला दाखवायचे आणि आम्ही ठरल्याप्रमाणे विचारायचो, "हे कशासारखं दिसतंय हो काका?" हा प्रश्न त्यांना शिवी दिल्यासारखा लागायचा. "कशासारखं नाही! आहे ते बघ. सारखं-बिरखं करायला लागलीस की बघणं बंद झालं तुझं." आणि नाव तर चुकूनही सांगायचे नाहीत. फोटोच्या पाठीमागे काहीही लिहायचं नाही. तारीख नाही, जागा नाही, कशाचा आहे तेही नाही. इस्पितळातून आणलेल्या एक्स-रे फिल्मच्या रिकाम्या पिवळ्या खोक्यांत ते फोटो भरलेले असायचे. माळ्यावर तशी तीस-पस्तीस खोकी होती.

चाळ त्यांना भिंतवाले काका म्हणायची. तोंडावरसुद्धा. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण एक सांगते, त्यांनी काढलेला सायीचा फोटो पाहिल्यापासून मी साय सरळ काढू शकलेले नाही. गॅसपाशी उभी राहते आणि बघत बसते. ऑफिसला दोनदा लेटमार्क लागलाय त्यापायी.

एकदा त्यांच्याबरोबर भायखळ्याच्या भाजीबाजारात गेले होते. मला मटार हवे होते, त्यांना काय हवं होतं देव जाणे. एका गाळ्यापाशी सडलेल्या कोबीच्या पानांचा ढीग पडलेला. काका उकिडवे बसले आणि पानं उलटीपालटी करून फोटो काढायला लागले. भाजीवाला घाबरला. त्याला वाटलं महापालिकेचा माणूस. "साहेब, अभी उठाता है, पाच मिनट," म्हणून त्याने पोऱ्याला हाक मारली आणि ढीग उचलायला लावला. काका ओरडले, "अरे, ठेव! हात लावू नको!" तो आणखी घाबरला, त्याने माझ्या पिशवीत किलोभर मटार कोंबले आणि पैसे घेईना. मी हसून हसून बेजार. काका मात्र रिकाम्या जागेकडे बघत खरोखर हळहळत होते. "काय पान होतं गो," घरी येईपर्यंत हेच.

त्यांच्या बायकोचं नाव शालिनी. आम्ही शालू काकी म्हणायचो. मालवणच्या. काका ताडमाड आणि काकी बुटक्या, गोल. उभ्या राहिल्या की काकांच्या खांद्याच्याही खाली. दोघं एकत्र जिना उतरायला लागली की पोरं "एक्का आणि शून्य" म्हणून ओरडायची. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल काकी कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. काका जेवढे अबोल तेवढ्या काकी बोलक्या. काकांना मालवणी समजायची पण ते शुद्ध बोलायचे, आणि काकींना शुद्ध येत असून त्या मालवणी सोडायच्या नाहीत.

काकांनी एकदाच प्रदर्शन भरवलं. म्हणजे मंडळाच्या पोरांनीच आग्रह धरला. गणपतीत मंडपाच्या मागच्या बाजूला कापड बांधून काकांचे वीसेक फोटो लावले. पहिले दोन दिवस लोक यायचे, डोकं वाकडं करायचे, "महाराष्ट्राचा नकाशा वाटतो," "नाय रे, कुत्रं झोपलंय," असं काहीबाही म्हणून पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या एका आजींना ओल आलेल्या भिंतीच्या फोटोत सोंड दिसली. झालं. त्यांनी जास्वंदीचं फूल वाहिलं. संध्याकाळपर्यंत समोर दोन नारळ, उदबत्ती आणि ही रांग. मंडपातला खरा गणपती एकटा पडला. काका ड्यूटीवरून आले, ते बघितलं आणि रांगेतून घुसून त्यांनी फोटो काढून सरळ उलटा टांगला. "आता दाखवा सोंड!" म्हणाले. लोक खवळले. आजी रडायला लागल्या. शेवटी शालू काकी पदर खोचून पुढे आल्या, आजींच्या पाया पडल्या, नारळ फोडून सगळ्यांना प्रसाद वाटला आणि नवऱ्याला दंडाला धरून घरी नेलं. जाता जाता म्हणाल्या, "तुमका देव दिसणा नाय तर नाय, लोकांका दिसता तो कित्याक उलटो करतास?"

या काकी दुपारी दोन ते चार गॅलरीत बसायच्या. दाराच्या उजव्या हाताला पाट मांडायचा, पाय लांब करायचे, मांडीवर सूप घ्यायचं, आणि निवडता निवडता डोकं मागे भिंतीला टेकवून डुलकी काढायची. केसांना घरी कढवलेलं खोबरेल तेल, चांगलं निथळेल इतकं. त्यामुळे भिंतीवर त्या जागी थाळीएवढा काळपट डाग पडलेला. दरवर्षी गणपतीच्या आधी गॅलरीला रंग लागायचा आणि दिवाळीचे कंदील लागेपर्यंत तो डाग आतून पुन्हा वर यायचा. मी चाळ कमिटीची चिटणीस, त्यामुळे लोकांचं बोलणं मला ऐकावं लागायचं. मी काकींना म्हणायचे, "काकी, मागे एखादा टॉवेल लावा की." त्या म्हणायच्या, "लायतंय गो," आणि लावायच्या नाहीत. खरं तर मला त्या डागाचा मनापासून राग होता.

काकी त्यावरून काकांना चिडवायच्या. "शिवडीक जावन चिखलाचे फोटो काढतत, आणि बायलेच्या डोक्यामागचो डाग काय ह्यांका दिसणा नाय." काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "घरचं काय, कधीही काढता येईल."

आणि काकींचा स्वतःचा फोटो? तोही कधी काढला नाही. एकदा त्या हट्टालाच पेटल्या. नवी जांभळी साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून समोर बसल्या. मला बोलावलं साक्षीला. काकांनी खूप वेळ बघितलं, कॅमेरा घेतला, आणि खाली बसून त्यांच्या टाचेचा फोटो काढला. भेगाळलेल्या टाचेचा. "ही खरी तू," म्हणाले, "एवढी वर्षं चाललीयस ती सगळी यात आहे." त्यांच्या हिशेबाने ते कौतुकच होतं. काकी हसल्या, पण उठल्या आणि गजरा काढून देवापुढे ठेवला. त्यानंतर त्यांनी मागणी केली नाही. पण दुसऱ्या कुणालाही फोटो काढू दिला नाही. हळदीकुंकवाला आम्ही मोबाइल काढले की त्या उठून आत जायच्या, नाहीतर तोंडावर पदर घ्यायच्या. "घरात फोटोवालो आसा. तेणी काढल्याशिवाय मी दुसऱ्याकडसून काढून घेवचंय नाय." आम्हाला ते लटकं वाटायचं. ते लटकं नव्हतं.

गेल्या वर्षी होळीच्या आधी काकी गेल्या. सकाळी दूध तापवताना पडल्या, मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस शुद्ध नव्हती. काकांच्याच जुन्या इस्पितळात होत्या. मी तिथे होते तेव्हा एका डॉक्टरांनी काकींच्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म काकांच्या हातात दिली, आपल्यातला जुना माणूस म्हणून. काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. खूप वेळ धरली. मग माझ्याकडे देत म्हणाले, "हे कुणाचंही असू शकतं."

तेराव्याला फोटो लागतो. कुणीतरी विचारलं, काकींचा फोटो काढून ठेवा, हार आणायचाय. काका नुसते उभे राहिले. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. लग्नाचा अल्बम गावी होता, तो वाळवीने खाल्लेला. चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांनी आपापले मोबाइल उचकले. माझ्याकडे हळदीकुंकवाच्या एका व्हिडिओत कडेला जांभळा पदर होता, अर्धा सेकंद. पलीकडच्या खोलीतल्या सुनेकडे कोपर होतं. एवढंच. शेवटी मी त्यांचं आधार कार्ड घेतलं आणि दादरला एका स्टुडिओत जाऊन त्यातला नखाएवढा फोटो मोठा करून आणला, चांगल्या सोनेरी फ्रेममध्ये. स्टुडिओवाला म्हणाला होता, "ताई, फाटणार हा." फाटलाच. लांबून बघितलं तर कुणीतरी बाई, जवळून बघितलं तर करड्या चौकोनांची खिचडी.

काकांनी फ्रेम हातात घेतली, सवयीने डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. "हे तर माझंच काम दिसतंय," म्हणाले. त्यात विनोद नव्हता. त्यांनी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. तेराव्याला पाटावर काकींची जांभळी साडी घडी करून ठेवली आणि हार त्या साडीला घातला. येणारे बिचारे साडीला फुलं वाहून जात होते.

त्यानंतर काकांनी खोकी काढली. माळ्यावरची सगळी. बरेच दिवस त्यांच्या दारातून पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, कॉटवर, ओट्यावर फोटोच फोटो. मी संध्याकाळी आमटी-भात घेऊन जायचे. त्यांना ती टाच हवी होती. टाच तरी. एके दिवशी मी गेले तर त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. समोर सात-आठ फोटो मांडलेले, सगळे भेगांचे.

"नीला, तू होतीस त्या दिवशी. सांग. यातली टाच कुठली आणि चिखल कुठला?"

मी बघितलं. देवाशप्पथ सांगते, मी खूप निरखून बघितलं. सगळ्या भेगाच. करड्या, खोल, एकातून दुसरी फुटलेली. मी म्हटलं, "पाठीमागे काही लिहिलंय का?" आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. काकांनी एक फोटो उचलला, नाकाशी नेला आणि हुंगला. मग दुसरा. मग तिसरा. "मला कळायला पाहिजे," म्हणाले. "मीच काढलाय ना. मला कळायला पाहिजे गो." आयुष्यभर या माणसाने वस्तूंची नावं पुसण्यात घालवलं होतं, आणि ते काम त्याने इतकं चोख केलं होतं की आता त्याची बायको त्यालाच सापडत नव्हती. मी आमटी तिथेच ठेवून घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

श्रावणात त्यांना कुणीतरी सांगितलं की काकींच्या भावाकडे लग्नातला एक ग्रुप फोटो आहे. काका मालवणला गेले. आठ दिवस.

तेच दिवस गॅलरीच्या रंगाचे. पेंटर आला, सगळी गॅलरी खरवडली, आणि काकींच्या जागेपाशी येऊन थांबला. "मॅडम, ये तेल का दाग है. डिस्टेंपर मारा तो फिर बाहर आएगा. ऑइल प्राइमर मारना पडेगा." मी ऑफिसला निघालेले, खांद्याला पर्स, हातात डबा. इतक्या वर्षांची ती कटकट. मी म्हटलं, "मारो ना मग, चांगले दोन हात मारो. परत दिसता कामा नये." काकी गेल्याला सहा महिनेही झाले नव्हते. मला त्या क्षणी काकी आठवल्याच नाहीत. डाग आठवला. याची मला आजही लाज वाटते.

काका परतले तेव्हा मी दारातच होते. ग्रुप फोटो मिळाला होता. त्यात काकींच्या पुढे एक जाडा मामा उभा होता. काकींची एक बाजूबंद घातलेली बाही तेवढी दिसत होती. पण काका खचलेले नव्हते. उलट डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागले.

"नीला, मी मूर्ख माणूस. येताना बसमध्ये लक्षात आलं. मी जगभर डाग शोधत हिंडलो, आणि ती रोज दुपारी दोन तास बसून आपला फोटो काढत होती. चाळीस वर्षं. माझ्या दारात. तिच्याच डोक्याचा, तिच्याच तेलाचा. त्याच्याइतकं खरं..."

आणि त्यांनी भिंतीकडे बघितलं. कोरी करकरीत, फिकट पिवळी. रंगाचा वास अजून येत होता.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण काकांनीच माझ्या दंडावर थोपटलं. "असू दे गो. दरवर्षी लागतो रंग. तेल आहे ते, दबणार नाही. दिवाळीपर्यंत येईल वर." मी मान हलवली. सांगायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं की काका, या वेळी आत प्राइमर आहे, मी मारायला लावलाय. एका वाक्याचं काम, पण ओठांशी आलं आणि परत गेलं. त्या दिवशी गेलं, दुसऱ्या दिवशी गेलं, मग दिवस जितके जास्त गेले तितकं सांगणं आणखी अवघड झालं.

काकांनी भिंतीसमोर तिपाई उभी केली, तिच्यावर कॅमेरा कसला. रोज दुपारी तीनला एक फोटो. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की मला ऐकू यायचं. "श्वास घ्या. रोखून धरा." खट. "सोडा." कोऱ्या भिंतीचा फोटो. गणपती आले, गेले. त्यांच्या घरी त्या वर्षी सणवार नव्हतेच. दसरा झाला. येणारे-जाणारे तिपाईला वळसा घालून जायचे; कुणी तक्रार केली नाही, माझ्याकडे तर नाहीच. मी एकदा चोरून पेंटरला फोन केला. विचारलं, तो डाग पुन्हा यायची काही शक्यता आहे का. त्याला वाटलं मी कामात खोट काढतेय. "दस साल नहीं आएगा मॅडम. गॅरंटी मेरा."

दिवाळीचे कंदील लागले आणि उतरले. भिंत तशीच.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते पौषातल्या एका दुपारी. त्यानंतर दोन दिवसांनी, मी ऑफिसात असताना, त्यांचा पुतण्या येऊन त्यांना विरारला घेऊन गेला. खोकी इथेच आहेत, कुलपाच्या आत.

त्या दुपारी अंगात कणकण होती म्हणून मी अर्ध्या दिवसाने घरी आले. गॅलरीत शिरले तर कठड्यावर उन्हात खोबरेलाची बाटली. थंडीत तेल थिजतं म्हणून काकी अशीच ठेवायच्या. बाटली त्यांचीच होती, तळाशी बोटभर तेल उरलेलं. आणि पलीकडे पाटावर काका बसलेले. पाय लांब केलेले, मांडीवर रिकामं सूप, डोकं मागे भिंतीला. टकलावर, कडेच्या चार केसांवर तेल थापलेलं; ते कानामागून ओघळून शर्टाच्या कॉलरपर्यंत आलं होतं. समोर तिपाईवर कॅमेरा.

"काका, काय हे?"

"कालपासून बसतोय," ते म्हणाले.

मग मात्र मला राहवलं नाही. मी पर्स खाली टाकली आणि सगळं सांगून टाकलं. पेंटर, प्राइमर, दोन हात, परत दिसता कामा नये म्हटलं ते सुद्धा. रडत रडत सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते.

"माहितीये मला," ते म्हणाले. "पेंटर भेटला होता खाली, दसऱ्याच्या आधी. त्यानेच सांगितलं."

"मग तुम्ही रोज फोटो कशाचे काढत होता?"

"दुसरं काय काढू?"

त्यांनी डोकं पुढे घेतलं. मागे भिंतीवर, त्या फिकट पिवळ्या रंगावर, ओलसर काळपट डाग उमटला होता. थाळीएवढाच. काकांनी मान वळवून तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि अठ्ठावीस वर्षांत जो प्रश्न त्यांनी कुणालाही विचारू दिला नव्हता तो त्यांनीच मला विचारला.

"सांग गो. तिच्यासारखं दिसतं?"

एवढे महिने मी गप्प राहून खोटं बोलले होते. आता तोंडाने खोटं बोलण्याचं धैर्य नव्हतं. आणि मला ते स्पष्ट दिसत होतं. काकींचा डाग मी इतकी वर्षं रागाने बघितलेला, त्याची जागा मला पाठ होती.

"उंच आलाय, काका," मी म्हटलं. "एक वीत वर."

त्यांनी मान हलवली, एखाद्याने फिल्म बघून निदान सांगावं आणि ते आपल्याला आधीच माहीत असावं तशी. सूप बाजूला ठेवलं. मग ते पाटावरून खाली जमिनीवर सरकले. आणखी सरकले. पाय गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेले, पाठ वाकली, हनुवटी छातीला टेकली, आणि तो ताडमाड माणूस हळूहळू खाली खाली जात शेवटी काकींच्या उंचीला आला. तेलाचं डोकं त्यांनी नेमकं त्या जागी टेकवलं.

"आता?"

"आता बरोबर आहे."

त्यांनी डोळे मिटले. "श्वास घ्या," पुटपुटले, "रोखून धरा." आणि खरंच श्वास रोखून धरला. पुढचा शब्द मी म्हणायचा होता. मी तशीच उभी राहिले, मला तो म्हणता आला नाही.